स्पॅनिशचे काळ आणि सर्वनामं: मराठी भाषकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पॅनिश शिकवताना मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक सगळे काळ आणि सर्वनामं या दोनच गोष्टींभोवती फिरतात. स्पॅनिश शब्द देवनागरीत, कानाला ऐकू येतात तसे लिहिले आहेत आणि उच्चार लॅटिन अमेरिकेतले धरले आहेत. त आणि द आपल्या त-द सारखेच दातांना जीभ लावून म्हणायचे, ट-ड करायचे नाहीत.

स्पॅनिश इंग्रजीच्या आधारानं शिकावं की मराठीच्या?

पुस्तक इंग्रजीत असतं, ॲप इंग्रजीत असतं, म्हणून आपण डोक्यात आधी मराठीचं इंग्रजी करतो आणि मग इंग्रजीचं स्पॅनिश. हा वळसा घेऊ नका. व्याकरणाच्या कितीतरी जागी स्पॅनिश मराठीच्या जास्त जवळ आहे, आणि इंग्रजीमुळे चुका होतात त्या नेमक्या त्याच जागी.

'मला आंबा आवडतो' हे वाक्य घ्या. स्पॅनिशमध्ये ते 'मे गुस्ता एल मांगो' असं होतं. मे म्हणजे मला, गुस्ता म्हणजे आवडतो, एल मांगो म्हणजे आंबा. आंबे अनेक असले की आपण 'आवडतात' म्हणतो, तिकडेही गुस्ताचं गुस्तान होतं: मे गुस्तान लोस मांगोस. क्रियापद आंब्याप्रमाणे चालतं, माझ्याप्रमाणे नाही. इंग्रजीवरून येणारा विद्यार्थी 'यो गुस्तो' म्हणतो, आणि त्याचा अर्थ 'मी कुणालातरी आवडतो' असा होऊन बसतो. मी फळ्यावर वर मराठी वाक्य लिहिते, खाली स्पॅनिश, आणि शब्दाला शब्द रेघेनं जोडते. पाच मिनिटांत हा धडा संपतो.

'मला वाटतं' म्हणजे मे पारेसे, 'मला वेळ कमी पडतो' म्हणजे मे फाल्ता तिएम्पो, 'माझं डोकं दुखतं' म्हणजे मे दुएले ला काबेसा. या सगळ्यांची घडण आवडण्यासारखीच आहे. मात्र भूक, तहान, थंडी, भीती या गोष्टी स्पॅनिशमध्ये लागत नाहीत की वाजत नाहीत, त्या जवळ असतात: तेंगो आम्ब्रे, तेंगो सेद, तेंगो फ्रिओ, तेंगो मिएदो. तेंगो म्हणजे 'माझ्याजवळ आहे'. वयसुद्धा असंच सांगतात.

एकूण काळ किती? सगळे पाठ करायचे का?

व्याकरणाच्या हिशोबानं १६: स्वार्थाचे (साधं विधान करणाऱ्या रूपांचे) १० आणि संशयार्थाचे (इच्छा, शंका सांगणाऱ्या रूपांचे) ६. आज्ञार्थ वेगळा. त्यातले तीन, म्हणजे संशयार्थाचे दोन्ही भविष्यकाळ आणि एक जुना पूर्ण भूतकाळ, आज बोलण्यात जवळजवळ नाहीत. जुन्या साहित्यात आणि कायद्याच्या भाषेत भेटतील तेव्हा ओळखता आले तरी पुरे. सुरुवातीला वर्तमान, दोन साधे भूतकाळ आणि 'बोई आ' चा (शब्दशः 'जातो', अर्थ 'करणार आहे') भविष्यकाळ एवढे चार पक्के करा. रोजचं बोलणं त्यात निभतं.

क्रियापद चालवायचं म्हणजे नेमकं काय?

तुमचं एक स्पॅनिश क्रियापद आधीच पाठ आहे: पगार. पोर्तुगीज १५१० पासून गोव्यात होते, आणि त्यांच्या भाषेतून आपल्याकडे चावी, पाव, बटाटा आले तसाच पगारही आला. पोर्तुगीजमध्ये आणि स्पॅनिशमध्येही पागार म्हणजे पैसे चुकते करणे. आपण क्रियापदाचं मूळ रूपच उचलून त्याचं नाम केलं.

स्पॅनिश क्रियापदाचं मूळ रूप आर, एर किंवा इर यांपैकी एकानं संपतं. हा शेवट काढला की उरतं ते अंग, 'पाग'. त्याला प्रत्यय लावायचे: पागो (मी देतो), पागास (तू देतोस), पागा (तो, ती देते), पागामोस (आम्ही देतो), पागाइस (तुम्ही देता, फक्त स्पेनमध्ये), पागान (ते, त्या देतात). प्रत्ययातच कर्ता कळतो, म्हणून 'यो' म्हणजे 'मी' बोलण्यात सहसा गाळतात. 'उद्या जातेस का?' असं आपण तू न म्हणता विचारतो, तसंच. दर वाक्याला यो, यो म्हटलं तर ऐकणाऱ्याला 'मीच, दुसरं कुणी नाही' असा ठासून सांगितल्याचा भास होतो. फरक एवढाच, की आपल्या 'जातो-जाते' मध्ये बाई की पुरुष हे कळतं, पागोमध्ये कळत नाही.

जोर कुठे पडतो हे मात्र सांभाळा. पहिल्या अक्षरावर जोर दिला तर पागो म्हणजे 'मी पैसे देतो'. दुसऱ्यावर दिला तर पागो म्हणजे 'त्यानं पैसे दिले'. हॉटेलात बिल आल्यावर हा फरक फार कामाचा आहे. लिहिताना दुसऱ्या रूपातल्या शेवटच्या स्वरावर तिरकी रेघ असते. ती शोभेची नाही, तिनं कर्ताही बदलतो आणि काळही.

दोन भूतकाळ कशाला? कोणता कधी वापरायचा?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात जास्त मदत मराठीची होते तीही इथेच. इंग्रजीत एकाच रूपात दोन्ही कामं उरकतात, म्हणून इंग्रजी पुस्तकांना पानंच्या पानं समजावत बसावं लागतं. आपल्याकडे मात्र 'गेलो' वेगळं आणि 'जायचो' वेगळं, हे दुसरीतल्या पोरालाही कळतं.

लहानपणी आम्ही मे महिन्यात आजोळी जायचो. विहिरीत पोहायचो. एके दिवशी दोर तुटला. या तीन वाक्यांत दोन्ही काळ आहेत. जायचो म्हणजे ईबामोस, पोहायचो म्हणजे नादाबामोस. हा अपूर्ण भूतकाळ, स्पॅनिशमध्ये इम्पेर्फेक्तो. दोर तुटला म्हणजे से रोम्पिओ ला कुएर्दा. हा घडून संपलेल्या गोष्टीचा काळ, इन्देफिनिदो. मराठीत '-यचो' किंवा '-त होतो' बसत असेल तर इम्पेर्फेक्तो, नुसतं '-लो, -ला, -लं' बसत असेल तर इन्देफिनिदो. सुरुवातीला एवढी खूण धरून चाला.

'पाऊस पडत होता आणि लाइट गेली': योबिआ इ से फुए ला लुस. पाऊस मागे चालू आहे, लाइट जाणं ही मध्येच घडलेली घटना. स्पॅनिशमध्येही दिवे गेल्यावर अगदी असंच म्हणतात, लाइट 'गेली'. वर्गात हे वाक्य आलं की सगळे एकदम हसतात, आणि मग ते कुणी विसरत नाही.

'माहीत होतं' आणि 'कळलं' ही आपल्याकडे दोन वेगळी क्रियापदं आहेत. स्पॅनिशमध्ये क्रियापद एकच, साबेर, पण काळ बदलला की अर्थ बदलतो: साबिआ म्हणजे मला माहीत होतं, सुपे म्हणजे मला कळलं. कोनोसेरचंही तसंच. कोनोसिआ म्हणजे ओळखत होतो, कोनोसी म्हणजे ओळख झाली.

ही खूण एका जागी फसते. 'मी तीन वर्षं पुण्यात राहत होतो' हे मराठीत सहज म्हणतो, पण स्पॅनिशमध्ये मुदत मोजून सांगितली की गोष्ट बंद झाली असं धरतात: बिबी त्रेस आन्योस एन पुणे. इथे बिबिआ चालणार नाही. याउलट 'तेव्हा मी आठ वर्षांची होते' ही नुसती त्या वेळची स्थिती, म्हणून तेनिआ ओचो आन्योस.

एक दिलासा: इम्पेर्फेक्तोमध्ये अनियमित क्रियापदं सगळी मिळून तीनच आहेत, इर, सेर आणि बेर. इन्देफिनिदोमध्ये मात्र पुष्कळ आहेत, आणि ती घोकावीच लागतात. त्यात इर (जाणे) आणि सेर (असणे) यांची रूपं अगदी एकच आहेत. फुई म्हणजे 'गेलो'ही आणि 'होतो'ही. संदर्भानं कळतं.

'मी गेल्या वर्षी गोव्याला गेलो होतो' यातल्या 'होतो' चं काय करायचं?

सोडून द्यायचं. स्पॅनिशमध्ये नुसतं फुई: एल आन्यो पासादो फुई आ गोवा. मराठीत गोष्ट जरा जुनी असली की आपण सवयीनं 'गेलो होतो, केलं होतं' म्हणतो. शब्दाला शब्द ठेवून 'आबिआ इदो' म्हटलं, तर ऐकणारा पुढच्या वाक्याची वाट बघत राहतो, कारण तिकडे हा काळ दुसऱ्या एखाद्या भूतकाळाच्या आधी घडलेल्या गोष्टीसाठीच वापरतात. 'मी पोचले तेव्हा गाडी सुटली होती': कुआन्दो येगे, एल त्रेन या आबिआ सालिदो. इथे आबिआ हवंच.

मराठी भाषकांची म्हणून जी खास चूक आहे ती हीच. इंग्रजी पुस्तकात ती सापडणार नाही, कारण इंग्रजी बोलणारे ती करतच नाहीत.

'खाल्ला, खाल्ली, खाल्ले' सारखं स्पॅनिशमध्येही बदलतं का?

नाही. मी आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, आंबे खाल्ले, असं आपलं क्रियापद भूतकाळात कर्मामागे जातं. स्पॅनिश क्रियापद कायम कर्त्यामागे जातं. काहीही खाल्लं तरी कोमी. 'खाल्लं आहे' म्हणताना ए कोमिदो होतं, आणि तिथेही कोमिदो हलत नाही. मान्साना (सफरचंद) स्त्रीलिंगी म्हणून 'ए कोमिदा' करायचा मोह आपल्या मुलांना हमखास होतो. स्थिती सांगताना मात्र लिंग-वचन पाळायचं: ला पुएर्ता एस्ता आबिएर्ता, दार उघडं आहे. पुएर्ता स्त्रीलिंगी, म्हणून आबिएर्ता.

'जेवलास का?' विचारताना मेक्सिकोत 'या कोमिस्ते?' म्हणतील. माद्रिदमध्ये आजच्या जेवणाबद्दल असेल तर 'आस कोमिदो?' म्हणतील. दोन्ही बरोबर.

'आलो, आलो!' ला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात?

या बोई. शब्दशः 'जातोच'. कुणी हाक मारली की आपण 'आलो' म्हणतो, म्हणजे येणं अजून व्हायचंय तरी रूप भूतकाळाचं, आणि दिशा बोलावणाऱ्याच्या बाजूनं धरलेली. स्पॅनिशमध्ये बोलणारा स्वतः जिथे आहे तिथूनच दिशा मोजतो. म्हणून 'मी उद्या तुझ्याकडे येते' हेसुद्धा बोई आ तु कासा मान्याना. आणि निघताना आपण 'येते हं' म्हणतो, तिथे मे बोई. निघताना 'जाते' म्हणू नये हे आपल्या घरात शिकवलेलं असतं, तिकडे तसा संकेत नाही.

भविष्यकाळाचं साधं रूप तिकडे अंदाजासाठी फार वापरतात. सेरान लास त्रेस म्हणजे 'तीन वाजले असतील'. एस्तारा एन कासा म्हणजे 'तो घरी असेल'. हे मराठीसारखंच, समजावून सांगावंच लागत नाही.

तू आणि उस्तेद म्हणजे आपलं तू आणि तुम्ही का?

तू म्हणजे तूच. उच्चार तोच, अर्थ तोच, मूळही एकच. उस्तेद हे आदराचं, पण आपल्या तुम्हीला जसं अनेकवचनी क्रियापद लागतं तसं त्याला लागत नाही. उस्तेद हे बुएस्त्रा मेर्सेद, म्हणजे 'आपली कृपा', याचं झिजलेलं रूप. म्हणून क्रियापद तृतीय पुरुषी एकवचनी: उस्तेद पागा. 'महाराजांनी बसावं' असं आपण समोरच्याशी तृतीय पुरुषात बोलतो, तीच रीत. 'उस्तेद पागान' ही चूक तुम्हीच्या सवयीनं होते.

समोर दोघं-चौघं असतील तर लॅटिन अमेरिकेत सगळ्यांना उस्तेदेस, मग ते मित्र असोत की पाहुणे. स्पेनच्या बहुतेक भागात मित्रांना बोसोत्रोस. अर्जेंटिना, उरुग्वे, पॅराग्वे आणि मध्य अमेरिकेच्या मोठ्या भागात तूऐवजी बोस ऐकू येईल, आणि क्रियापदही बदललेलं: तू तिएनेसऐवजी बोस तेनेस, तू एरेसऐवजी बोस सोस. कोलंबियात बोगोताच्या आसपास भावंडंसुद्धा एकमेकांना उस्तेद म्हणताना दिसतात, त्यात दुरावा नसतो. वडिलांना अहो म्हणणारी घरं आपल्याकडेही आहेतच. अनोळखी मोठ्या माणसाशी उस्तेदनं सुरुवात करा. त्यांनीच तू म्हणायला सांगितलं की बदला.

आपण आणि आम्ही यांना वेगळे शब्द आहेत का?

नाहीत. दोन्हींना नोसोत्रोस, आणि सगळ्या बायकाच असतील तर नोसोत्रास.

'ला' प्रत्ययाला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात?

माणसांपुरतं 'आ' म्हणतात, आणि हे आपल्याशी फार सुंदर जुळतं. 'मी घर बघते': बेओ ला कासा. 'मी आईला बघते': बेओ आ मि मादरे. घराला ला नाही, आईला आहे. अजून बारीक बघा: 'मी डॉक्टर शोधतेय', कुणीही चालेल, तर बुस्को उन मेदिको. 'मी डॉक्टरांना शोधतेय', म्हणजे ठरावीक डॉक्टर, तर बुस्को आल मेदिको. आपण ला-ना कुठे लावतो आणि कुठे गाळतो, तेवढं ऐकलं की झालं.

सर्वनामांशी आलो की मात्र हा ला मदत करत नाही. 'तिला पाहिलं' आणि 'तिला पैसे दिले' या दोन्हींत आपलं तिलाच आहे. स्पॅनिशमध्ये पहिलं ला बी, दुसरं ले दी दिनेरो. पाहिली गेली ती स्वतः तीच, म्हणून ला (पुरुष असेल तर लो). दिले गेले ते पैसे, ती घेणारी, म्हणून ले. 'काय?' याचं उत्तर वाक्यात वेगळं असेल तर ले, असा ढोबळ नियम.

पण 'त्याला फोन केला' इथे हा नियम फसतो. आपल्याला वाटतं फोन हे कर्म, म्हणून ले. स्पॅनिशमध्ये यामार या एका क्रियापदातच फोन करणं आलं, म्हणून लो यामे. तसंच 'त्याची वाट पाहिली' म्हणजे लो एस्पेरे. स्पेनच्या काही भागात पुरुषाबद्दल लोऐवजी ले म्हणतात, आणि १७१३ साली स्थापन झालेल्या स्पॅनिश अकादमीनं एका पुरुषापुरतं ते मान्यही केलं आहे. तुम्ही शिकताना लोच धरा.

अजून एक: आईला पैसे दिले हे सांगताना ले आणि आई दोन्ही येतात, ले दी दिनेरो आ मि मादरे. 'तिला दिले पैसे, आईला' असं बोलल्यासारखं वाटतं, पण तिकडे तीच रीत आहे.

दोन सर्वनामं एकत्र आली तर क्रम कसा?

मराठीसारखा. मे लो दिओ: मला ते दिलं. आधी ज्याला दिलं तो, मग जे दिलं ते, मग क्रियापद. आज्ञा करताना सगळं मागे चिकटतं: दामेलो, 'दे मला ते'. नकारात पुन्हा पुढे येतं: नो मे लो देस. ले आणि लो शेजारी आले की लेचं से होतं: से लो दी, 'त्याला ते दिलं'. हा से आणि पुढच्या प्रश्नातला से वेगळे.

हा 'से' सगळीकडे का दिसतो?

त्याची कामं बरीच आहेत, पण दोन आपल्याला लगेच पटतात. कोमेर म्हणजे खाणे, कोमेर्से म्हणजे खाऊन टाकणे. इर म्हणजे जाणे, इर्से म्हणजे निघून जाणे. दोर्मिर म्हणजे झोपणे, दोर्मिर्से म्हणजे झोप लागणे. आपण दुसरं क्रियापद जोडून जे साधतो, ते तिकडे से साधतो.

दुसरं म्हणजे हातून झालेल्या गोष्टी. से मे कायो एल बासो: माझ्या हातून ग्लास पडला. 'मी पाडला' नाही, पडला, आणि मी तिथे होते. दोन्ही भाषांना ही सोय असावीशी वाटली याचं मला फार अप्रूप वाटतं.

संशयार्थ कधी लागतो?

'तू यावंस असं मला वाटतं' यातलं 'यावंस' ऐका. किएरो के बेंगास. माझी इच्छा आणि काम दुसऱ्याचं असलं की संशयार्थ. काम माझंच असेल तर साधं मूळ रूप, किएरो इर, मला जायचंय. 'देव तुझं भलं करो' मधला 'करो' हाही त्याच कुळातला. रूप करायला सोपं आहे, स्वर उलटा करायचा: पागाचं पागे, कोमेचं कोमा.

दोन जागा अवघड जातात. 'पोचलास की फोन कर' इथे आपण भूतकाळी 'पोचलास' म्हणतो, पण पोचणं अजून व्हायचंय, म्हणून तिकडे संशयार्थ: कुआन्दो येगेस, यामामे. आणि 'तो येईल असं वाटत नाही' मध्ये आपला येईल जागचा हलत नाही, तिकडे नकार आला की क्रियापद बदलतं: क्रेओ के बिएने, पण नो क्रेओ के बेंगा.

'पैसे असते तर घेतलं असतं' कसं म्हणायचं?

आधी ठरवा, आत्ताची गोष्ट की तेव्हाची? मराठीत एकच वाक्य दोन्हीला चालतं. आत्ताची असेल तर सि तुबिएरा दिनेरो, लो कोम्प्रारिआ. तेव्हाची असेल तर सि उबिएरा तेनिदो दिनेरो, लो आब्रिआ कोम्प्रादो.

घरी सराव कसा करावा?

कालच्या दिवसाबद्दल दहा ओळी मराठीत लिहा, बोलतो तशाच. मग '-यचो' आणि '-त होतो' खाली एक रेघ, '-लो, -ला' खाली दोन रेघा मारा, 'गेलो होतो' मधला जास्तीचा होतो खोडा, आणि मगच स्पॅनिश करायला घ्या. माझ्या एका विद्यार्थ्याच्या वहीतल्या तीन ओळी: 'मी चहा करत होतो. आईनं हाक मारली. माझ्या हातून साखर सांडली.' त्याखाली त्यानं लिहिलं होतं: आसिआ ते. मि मादरे मे यामो. से मे कायो एल आसुकार.